घटकाभरांत होणारें गोडधोड

एक घटका म्हणजे 24 मिनिटें. अशा 60 घटकांचा एक अहोरात्र. ही मोजणी आतां पंचांगाबाहेर फारशी कोणी करीत नाहीं. तरी "घटकाभर बसा" हे शब्द आमच्या जळकोटास अजून दारोदार ऐकूं येतात, आणि जो पाहुणा खरोखरच घटकाभर बसला त्याच्या हातावर कांहीं गोड ठेवल्यावांचून त्यास जाऊं देणें घरांतील वडील माणसांस अजूनहि कमीपणाचें वाटतें. या लेखांत ज्या पदार्थांविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्यांस हीच घटकेची मर्यादा घातली आहे. पातेलें विस्तवावर ठेवल्यापासून 24 मिनिटांच्या आंत जो पदार्थ पानांत पडेल तोच मुख्यतः येथें घ्यावयाचा. आणि त्यास भट्टी लागतां कामा नये.

ही दुसरी अट कां, तें सांगितलें पाहिजे. हल्लीं पाककृति मोबाइलवर वाचण्याची चाल पडली आहे. त्यांतील गोड पदार्थांच्या कृतींचा आरंभ पुष्कळदां "ओव्हन 180 अंशांवर तापवून घ्या" अशा वाक्यानें होतो. ज्या घरीं ओव्हन नाहीं त्या घरची वाचक भगिनी पहिल्याच पायरीवर अडते, आणि आपल्या स्वयंपाकघरांत कांहीं तरी न्यून आहे असें मनांत घेऊन उठते. लातूर जिल्ह्याच्या या टोकास ऐन उन्हाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. तेथें विजेच्या भट्टीवर सणाचें पक्वान्न सोंपविणें म्हणजे वळचणीच्या पाण्यावर मळा लावण्यासारखें आहे. पण न्यून मुळींच नाहीं, हें आमचें म्हणणें.

आमच्या देशांत भट्टी नव्हती असें नव्हे. कुंभाराची होती, लोहाराची होती, चुना भाजणाराची होती. घरच्या चुलीशेजारीं तेवढी नव्हती. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ झाला. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण; जळकोटाच्या दक्षिणेस, शंभर मैलांच्या आंत. राजानें काय जेवावें याचें त्या ग्रंथांत एक मोठें प्रकरण आहे, आणि त्यांत गव्हाच्या मऊ कणकेचे मंडक तापलेल्या खापरावर भाजण्याचें वर्णन आहे. आपले मांडे ते हेच. मुक्ताबाईनें ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले ही आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. त्या कथेंतहि अडचण आली ती खापर न मिळाल्याची. राजाच्या मुदपाकखान्यापासून आळंदीच्या झोंपडीपर्यंत उष्णता खालूनच लागत होती आणि तेवढ्यावर सर्वांचें भागत होतें.

इंग्रजी अमदानींत पाव-बिस्किटें आलीं तीं परक्या हातचीं म्हणून आमच्या लोकांनीं पुष्कळ काळ दूर ठेविलीं. 1890 सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक प्रभृति मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं, आणि तेवढ्यावरून असें ग्रामण्य माजलें कीं प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत व पुढें प्रायश्चित्तापर्यंत गेलें. आज तें वाचून हंसूं येतें. ज्यांच्या आजोबांनीं प्रायश्चित्ताचा आग्रह धरला असेल त्यांचीं नातवंडें सकाळीं बिस्किट हातांत घेतल्यावांचून दूध पीत नाहींत.

असो. भट्टींत कोरडी उष्णता चहूंबाजूंनीं लागते, त्यामुळें वरची साल तांबूस व खमंग होते. आपल्या पद्धतींत रवा किंवा कणीक आधींच तुपांत भाजून घेतात. म्हणजे जो खमंगपणा तेथें नुसत्या सालीस येतो तो येथें प्रत्येक कणास येतो. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे भट्टीवांचून आपलें कांहींएक अडत नाहीं हेंहि ध्यानांत येतें.

आतां सुधारसाकडे वळूं, कारण आमच्या मतें या वर्गांतला मुकुटमणि तोच. सुधा म्हणजे अमृत. नांव मोठें आणि सामग्री अगदीं थोडी. साखर, पाणी, लिंबू, वेलदोडा, असल्यास केशराच्या चार काड्या. दूध नको, तूप नको, पीठहि नको. मराठवाड्यांतील जुन्या देशस्थ घरांत अवचित पाहुणा आला कीं गृहिणीचा हात प्रथम साखरेच्या डब्याकडे जाई तो याचसाठीं. एक वाटी साखरेस अर्धी वाटी पाणी घालून मध्यम आंचेवर ठेवावें. साखर विरघळून उकळी फुटली कीं लिंबाचे चारच थेंब टाकावे. पाक अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें धरून बोटें दूर केलीं असतां एक तार दिसूं लागली कीं पातेलें लगेच उतरावें. तार दोनवर गेली तर सुधारस न होतां खडीसाखरेची तयारी होते. पाक कोमट झाल्यावर एका रसदार लिंबाचा रस, वेलदोड्याची पूड, केशर व मिठाची एक कणी घालून ढवळावें. दहा-बारा मिनिटांचें काम. कोणी त्यांत केळ्याच्या चकत्या किंवा द्राक्षें घालतात. तेंहि बरें लागतें.

लिंबू दोन वेळां कां, असा प्रश्न आम्हांस एका विद्यार्थिनीनें विचारला होता व तो योग्य होता. उकळतांना घातलेल्या चार थेंबांतील आम्लामुळें साखरेचा कांहीं अंश द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत विभागला जातो, आणि अशा मिश्र पाकांत स्फटिक सहजासहजीं धरत नाहींत. म्हणून सुधारस दुसरे दिवशीं खडबडीत होत नाहीं. पण सगळाच रस उकळींत ओतला तर लिंबाचा सुवास उडून जातो व मागें कडवटपणा राहतो. म्हणून मुख्य रस उतरल्यानंतरच.

या सुधारसावरून आमच्या घरीं एक प्रसंग घडला तो सांगतों. आमच्या सूनबाई शिक्षिका आहेत. आठवड्याचे सहा दिवस सकाळीं बसनें जाणें व सायंकाळीं दिवेलागणीस परतणें. सुटी मिळते ती सणाची. आणि सण म्हणजे पहांटे पांचला उठून पुरण, पुर्‍या, भजीं, कोशिंबिरी. एका पाडव्यास श्रीखंडासाठीं आदल्या रात्रीं चक्का टांगला होता, पुर्‍या तळणें दोनपर्यंत चाललें होतें, आणि त्या स्वतः पानावर बसल्या तेव्हां घड्याळांत तीन वाजून गेले होते. त्यांच्या पानांत श्रीखंड होतें, पण तें त्यांनीं बाजूस सारलें. दिवसभर तुपाच्या वासांत उभें राहिलेल्या माणसास गोडाची वासना उरत नाहीं. आम्ही पस्तीस वर्षें शाळेंत मुलांस शिकविलें कीं सण हा आनंदासाठीं असतो. हा आनंद नेमका कोणाचा, तें त्या दिवशीं ताटावरून उठतांना मनांत आलें.

त्या सालच्या दसर्‍यास आम्हीं घरांत सांगितलें कीं या वेळीं सुधारस आणि पोळी. आमच्या आत्याबाई नव्वदीच्या घरांत आहेत. त्या म्हणाल्या, "अरे, सणासुदीला सुधारस? दूध नासलंय का घरचं, कीं पाहुणा अवचित दारांत उभा आहे?" आम्हीं त्यांस सत्यनारायणाच्या पोथीची आठवण दिली. तिच्यांत प्रसादास गव्हाचें पीठ सांगितलें आहे, परंतु गहूं नसल्यास तांदुळाचें चालेल आणि साखर नसल्यास गूळ चालेल, अशी सवलत पोथीनेंच ठेविली आहे. देव जर गुळावर संतोष मानतो, तर घरच्यांनीं साखरपाकावर कां मानूं नये? आत्याबाईंनीं उत्तर दिलें नाहीं. बारा वाजतां सर्व मंडळी एका पंक्तीस बसली, सूनबाई सुद्धां. आत्याबाईंनीं पहिला घांस घेऊन एवढेंच म्हटलें, "लिंबू कमी पडलं." आणि तें खरेंच कमी पडलें होतें.

पोथीचा विषय निघालाच आहे, तेव्हां शिरा. सव्वाच्या मापानें प्रसाद करावयाचा म्हणून रवा, तूप, साखर हीं तिन्ही सारखींच घेतात. रोजच्या शिर्‍यास तूप निम्मेंहि पुरतें. जाडसर रवा मंद आंचेवर तुपांत भाजावा. घाई येथें करूं नये, कारण 24 मिनिटांपैकीं दहा याच कामास द्यावयाचीं आहेत. रवा हलका होऊन कलथ्याखालीं सळसळूं लागला व त्याचा सुवास ओटीवर बसलेल्या माणसापर्यंत पोंचला म्हणजे तो भाजला. नंतर रव्याच्या अडीचपट दूध-पाणी, पण उकळतें. थंड पाणी ओतलें तर वरचा थर आधीं चिकट होतो, आंत कोरडी गांठ राहते, आणि मग ती गांठ डावानें फोडीत बसावें लागतें. साखर शेवटीं, रवा पुरता फुलल्यावर. आधीं घातली तर ती पाणी ओढून घेते व रवा कच्चट राहतो. 17 सप्टेंबर हा आमच्या मराठवाड्याचा मुक्तिदिन. 1948 सालीं त्या दिवशीं निजामी राजवट संपली. त्या दिवशींच्या झेंडावंदनानंतर आमच्या शाळेंत मुलांस शिरा वाटीत, आणि पांच माणसांच्या मापावरून दोनशें मुलांचें माप काढण्यास आम्ही सातवीच्या वर्गास सांगत असूं. त्रैराशिकाचें इतकें मनापासून सोडविलेलें उदाहरण दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं.

साखरेच्या जागीं गूळ घातला कीं तोच गोड सांजा. येथें एक खबरदारी. गुळांत थोडी आंबट प्रकृति असते, त्यामुळें उकळत्या दुधांत तो पडला कीं दूध फाटतें. म्हणून गुळाचा सांजा पाण्यावर शिजवावा आणि दूध वरून, निवल्यावर, पानांत घ्यावें. गुळाच्या सर्व खिरींस हाच नियम लागू आहे.

शिकरणास विस्तवच नको, म्हणून तें घटकेंत काय, पळांत होतें. नांदेड जिल्ह्यांतील अर्धापूरच्या बाजूस केळीचे मोठे बाग आहेत व तेथील केळीं या भागांत सर्वत्र मिळतात. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या, थंड दूध, साखर, वेलदोडा, कृति संपली. शब्द मात्र जुना आहे. संस्कृतांत शिखरिणी म्हणजे दहीं व साखर गाळून केलेलें पेय-पक्वान्न. तें भीमसेनानें प्रथम केलें अशीहि एक कथा सांगतात. त्याच नांवाचें सतरा अक्षरी वृत्त आहे, आणि आम्ही तें फळ्यावर मांडूं लागलों कीं मागच्या बांकावरून "गुरुजी, केळ्याचं कीं दह्याचं?" अशी पृच्छा हमखास येई. वैद्यांचें मत मात्र शिकरणाविरुद्ध आहे. चरकसंहितेंत दुधाशीं विरुद्ध म्हणून जीं फळें सांगितलीं त्यांत मोच म्हणजे केळेंहि आहे. आमच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या शिकरण-पोळी चालत आली आहे. तथापि ज्यास कफाची खोड आहे त्यानें रात्रीं तें खाऊं नये, इतका चरकाचा मान आम्ही ठेवतों.

दुधाचा विषय निघाला म्हणून सांगावयाचें. आमचा मुलूख दुभत्याविषयीं दरिद्री नाहीं. एका अंगास देवणी, दुसर्‍या अंगास कंधार. दोन्ही गांवांच्या नांवाच्या गाईंच्या जाति देशभर ठाऊक आहेत. तरी बासुंदी आणि श्रीखंड यांस आम्हीं या लेखांत जागा दिली नाहीं, कारण एकीस दूध आटवीत तासभर उभें राहावें लागतें आणि दुसर्‍यास रात्रभर चक्का टांगावा लागतो. हुग्गी, म्हणजे कांडलेल्या गव्हाची गुळाची खीर, ही या सीमाभागाची आवडती. पण तिचे गहूं भिजवावे, कांडावे, शिजवावे तेव्हां ती होते. तिलाहि आज नमस्कार.

शेवयांची खीर मात्र घटकेंत होते असें सर्व म्हणतात, आणि येथें आम्हांस थोडें भांडावयाचें आहे. मूठभर शेवया तुपांत परताव्या, दूध घालावें, पांच-सात मिनिटें उकळूं द्यावें, साखर, वेलदोडा, झाली खीर. खरें आहे. पण त्या शेवया आल्या कोठून? चैत्र-वैशाखाच्या उन्हांत आमच्या आईनें व काकूंनीं भिजविलेल्या सपिठाच्या लांबच लांब तारा ओढून त्या पाटावर आणि काठीवर वाळविल्या. गव्हले, मालत्या, बोटवे हे तर एकेक दाणा बोटांनीं वळून करावयाचे. आठ दिवस मान मोडून केलेलें काम डब्यांत भरून ठेवलें होतें म्हणून श्रावणांत खीर "पटकन" झाली. तो वेळ वांचला नव्हता; तो कोणीतरी आधींच देऊन ठेवला होता. आज शेवया यंत्रावर होतात व दुकानांत पुड्यांत मिळतात. त्या हातच्या शेवयांसारख्या लागत नाहींत अशी कुरकूर करणारे पुरुष आम्हीं पुष्कळ पाहिले. पाट मांडून वैशाखांत शेवया करावयास बसलेला त्यांपैकीं एकहि पाहिला नाहीं.

मुलांचा हट्ट केकचा असतो आणि तो अगदींच मोडून काढावा असें आम्हांस वाटत नाहीं. केक घटकेंत होत नाहीं, दोन घटका लागतात. पण भट्टी लागत नाहीं. जाड बुडाच्या कुकराच्या तळाशीं जाड मिठाचा बोटभर थर द्यावा, त्यावर एक तिवई ठेवावी, झांकणाची शिटी व रबर दोन्ही काढून झांकण लावावें व दहा मिनिटें मंद आंचेवर तापूं द्यावें. रबर व शिटी काढणें विसरूं नये. येथें वाफेचा दाब नको असून नुसती कोंडलेली कोरडी उष्णता हवी आहे. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दहीं, अर्धी वाटी दूध व पाव वाटी तूप आधींच कालवून ठेवावें. भांड्यांत ओतण्यापूर्वीं पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा. दह्याच्या आम्लाशीं त्याचा संयोग होऊन वायु सुटतो व त्यानेंच पीठ फुलतें, म्हणून सोडा घातल्यावर गप्पा मारीत बसूं नये. मंद आंचेवर चाळीस मिनिटांनीं सुरीचें टोंक खुपसून पाहावें. कोरडें निघालें कीं केक झाला. कुकर ही कल्याणीच्या खापराचीच नात, फक्त तिला झांकण मिळालें.

2020 सालच्या टाळेबंदींत घरोघर पार्ले-जी बिस्किटें कुटून, दूध व सोडा घालून त्यांचा केक करण्याची साथ आली होती. आमच्या नातवंडांनींहि तो केला. भट्टींत एकदां भाजलेलें पीठ पुन्हां कुटावयाचें व पुन्हां भाजावयाचें! संस्कृतांत पिष्टपेषण हा शब्द आम्ही जन्मभर निबंधांतील पाल्हाळास लावीत आलों. त्याचें शब्दशः उदाहरण त्या दिवसांत ताटलींत पाहावयास मिळालें. चव वाईट नव्हती.

शिळ्या पोळीचा लाडू तर गरिबी आणि श्रीमंती दोहोंसहि शोभतो. सकाळच्या दोन पोळ्या हातानें चुराव्या, त्यांत लिंबाएवढा किसलेला गूळ व दोन चमचे पातळ तूप घालून मळावें आणि लाडू बांधावे. भाजलेल्या शेंगदाण्यांचें दोन वाट्या कूट व एक वाटी गूळ एकत्र कुटलें तर तूपहि नको. दाण्यांचें स्वतःचें तेल सुटून लाडू वळतो, आणि तो उपवासास चालतो. 1972 च्या दुष्काळांत आम्ही लहान होतों. दुष्काळी कामांवर मजुरांस सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाची गोड पूड, मिळत असे, आणि कामावरून परतणार्‍या बाया ती पदराच्या गांठींत मुलांसाठीं राखून आणीत. त्या वर्षीं आमच्या गल्लींत गोड म्हणून जें कांहीं दिसलें तें बहुधा तेवढेंच. कोरडें भाजलेलें पीठ व गोडी, यापलीकडे पक्वान्नाचें मूळ तरी दुसरें काय आहे?

आतां ज्यांच्यासाठीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला त्यांच्याविषयीं. जळकोट, उदगीर, अहमदपूर, कंधार या भागांतील मुलें दहावीनंतर लातुरास जातात. 'लातूर पॅटर्न'चें नांव सर्वत्र झाल्यापासून वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीसाठीं तेथें खोल्या घेऊन राहणार्‍या मुलामुलींची संख्या फार मोठी आहे. सोळा-सतरा वर्षांचें वय, दहा फूट लांबीची खोली, डबा बाहेरचा, आणि सणाच्या दिवशींहि चांचणी परीक्षा. आमचा नातू अशाच एका खोलींत आहे. मागील संक्रांतीस त्यानें फोन करून आजीस विचारलें, "आजी, आज घरी काय केलंय?" तिनें गुळाच्या पोळ्या केल्या होत्या, पण ती म्हणाली, "कांहीं विशेष नाहीं रे, नेहमीचंच." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

तेव्हांपासून आम्ही त्यास एक डबा पाठवितों, आणि त्याची कृति येथें देतों. चार वाट्या रवा एक वाटी तुपांत वर सांगितल्याप्रमाणें खमंग भाजावा व परातींत पसरून पूर्ण थंड होऊं द्यावा. गरम असतां डब्यांत भरला तर आंत घाम सुटून तो खवट होतो. थंड झाल्यावर त्यांत तीन वाट्या दळलेली साखर, वेलदोड्याची पूड व बेदाणे मिसळून कोरड्या डब्यांत दाबून भरावा. पंधरवडा सहज टिकतो. खोलींत पाणी उकळण्याची विजेची किटली बहुतेकांकडे असते. तेवढें साधन पुरे. एक वाटी मिश्रण झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत घ्यावें, त्यावर सव्वा वाटी अगदीं खळखळ उकळतें पाणी ओतावें, चमच्यानें एकदांच ढवळावें आणि झांकण घट्ट लावून डबा जुन्या टॉवेलांत गुंडाळून ठेवावा. दहा मिनिटें तो उघडूं नये, कारण रवा फुलतो तो याच कोंडलेल्या वाफेवर. मुलांनीं तेवढ्या वेळांत एखादें गणित सोडवावें. बारीक रवा असल्यास पाणी वाटीभरच घ्यावें, आणि शेजारच्या खोलींतील मुलगा वासानें येऊन उभा राहतो असा आमच्या नातवाचा अनुभव असल्यामुळें माप पहिल्यापासून दोघांचें धरावें.